सगळ्यांनी तीनदा म्हणा

किमिलिली
४ फेब्रुवारी १९९९

प्रिय भाऊ सिकुकू,

पत्र बघून दचकू नकोस. कारण इंग्रजीचं आहे, दुसरं काही नाही.

काल सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "टीचर, शेजारणीचं पेन मी 'बॉरो' करायचं की 'लेंड' करायचं?" मी सांगितलं, मागणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो. ती म्हणाली, "पण घरी आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. मग इंग्रजांना दोन कशाला लागतात?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि मी खडू शोधायच्या निमित्ताने कपाटात डोकं घातलं. मला उत्तर येत नव्हतं. या जोड्या तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या, म्हणून विचारते. मावशीकडून पत्ता मिळवला. बंदरावर क्रेन चालवतोस म्हणे.

बाबांना का नाही विचारत, असं म्हणशील. बाबांना विचारायची सोय राहिली नाही. म्हणजे आहेत, जेवतात, सावलीत बसतात. पण बारा जानेवारीला सकाळी केळींना आळं करताना पडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. इस्पितळातून आठवड्याने घरी आणलं. पाय थोडा परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. जीभ परत येईल का, ते काही बोलले नाहीत.

जीभ चालते तशी, पण शब्द भलतेच येतात. छत्रीला कुदळ म्हणतात. शेजारच्या वेपुखुलूला बिशप म्हणतात. आईला परवा "हेडमास्तर" म्हणाले, तर आई म्हणाली, "चौतीस वर्षांनी का होईना, खरं बोलले." आम्ही हसलो, आणि मग आई चुलीपाशी तोंड फिरवून बसली.

ज्या माणसाने जन्मभर आख्ख्या तालुक्याच्या पोरांना सारखे दिसणारे शब्द वेगळे करून दाखवले, त्याच्याच डोक्यात सगळी सरमिसळ व्हावी, हे काय आहे मला कळत नाही. तेवढं बॉरोचं कळव.

तुझी,
नेलिमा


२७ फेब्रुवारी १९९९

भाऊ,

उत्तर आलं नाही. मोम्बासाचं टपाल हळू असेल.

इकडे मीठ-प्रकरण चालू आहे. तीन आठवडे झाले, बाबा मीठ मागताहेत. सकाळी डोळे उघडले की, "मीठ." दुपारी, "मीठ, मीठ." आईने मक्याच्या उगालीत मीठ घातलं, भाजीत दुप्पट घातलं, शेवटी वाटीत नुसतं मीठ भरून समोर ठेवलं. बाबांनी डाव्या हाताने वाटी उडवून लावली. आई चिडली. "मागता तुम्हीच आणि फेकता तुम्हीच! साखर पाहिजे का? पीठ? राख?" एकेक आणून दाखवलं. बाबा नुसते मान हलवत राहिले आणि डोळ्यांतून पाणी. तुला आठवतं ना, या माणसाच्या डोळ्यांत पाणी आपण कधी पाहिलं नव्हतं.

वेपुखुलू येऊन बसतो रोज. त्याचं आणि बाबांचं ते जुनं भांडण तुला आठवत असेल. 'हिअर' आणि 'लिसन' शिकवताना बाबांनी फळ्यावर लिहिलं होतं, "वेपुखुलूला बायकोचं ऐकू येतं, पण तो तिचं ऐकत नाही." वर्गाने तीनदा म्हटलं, पोरं रस्ताभर म्हणत घरी गेली, आणि संध्याकाळी वेपुखुलू कोयता घेऊन आपल्या दारात. आठ दिवसांनी तोच कोंबडी घेऊन आला, कारण त्याची आजारी बायको म्हणे हसून हसून बरी झाली. आता तो बाबांचा हात धरून बसतो आणि म्हणतो, "म्वालिमू, गुरुजी, माझ्यावर आणखी एक वाक्य लिहा. काहीही लिहा."

बाबांची ती पद्धतच होती. पुस्तकातली उदाहरणं त्यांना पटत नसत. "लंडनच्या टॉमने काय केलं, ते आमच्या पोरांच्या डोक्यात कशाला राहील? शेजारच्या माणसाने काय केलं, ते राहतं." म्हणून फळ्यावर गावातलं नाव, आणि मग, "सगळ्यांनी तीनदा म्हणा." जो म्हणणार नाही त्याला छडी.

हे मी तुला का सांगते आहे? तुला माहीतच आहे. तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

नेलिमा


२१ मार्च १९९९

भाऊ,

बसच्या ऑफिसात पार्सल आलं. गोळ्या, मलम आणि हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्र नव्हतं. पण "म्वालिमू मुरुंगा" हे तू ज्या वळणाने लिहितोस तसं गावात कोणी लिहीत नाही. आईने कागद फाडू दिला नाही. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आहे.

बाबांनी चेंडू डाव्या हातात घेऊन बघितला, मला म्हणाले, "रेडिओ."

चेंडूला रेडिओ म्हणाले. छत्रीला कुदळ म्हणतात तसंच ते. त्यात विशेष काही नाही.

मीठ कशाला म्हणतात ते मात्र कळलं. परवा शाळेतून तशीच आले, हात न धुता. बाबांनी माझी बाही पकडली, बोटांनी घासली आणि म्हणाले, "मीठ!" बाहीवर खडूची पूड होती. मी पर्समधून खडूचा तुकडा काढून दिला. तो त्यांनी मुठीत असा घट्ट धरला की झोपेतही सोडला नाही. सकाळी आईला अंथरुणात चुरा सापडला. त्यांना खडू कशासाठी हवा आहे, ते अजून कळलेलं नाही. पाटी दिली तर ढकलून देतात. बोट शाळेच्या दिशेने करतात.

आणखी एक. त्यांची जोड्यांची वही, अस्सल, हाताने लिहिलेली, गादीखाली मिळाली. मी दोन वर्षं शिकवते ती सायक्लोस्टाइल केलेल्या प्रतीवरून. अस्सल वही मी कधी उघडली नव्हती. आता उघडली आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे.

'स्टील' आणि 'रॉब'चं पान काढलं. प्रतीत या जोडीचं पानच नाही, म्हणून आजवर ही जोडी मी शिकवलीच नाही. त्या पानावर काय वाक्य होतं ते तुला सांगायला नको. ते खोडलेलं आहे. एका रेघेने नाही, कागद फाटेपर्यंत. समासात तारीख आहे, ऑगस्ट ८७. आणि त्या तारखेनंतर वहीत एकाही माणसाचं नाव नाही. "एक माणूस." "एक बाई." "एक मुलगा." पुढची सगळी पानं अशी बिननावाची. मला आठवतं, मी सातवीत गेले तेव्हा बाबांच्या तासाला कोणी हसत नसे. आम्हाला वाटे, वय झालं.

ऑगस्ट ८७ मध्ये काय झालं होतं, मला आठवत नाही.

नेलिमा


९ मे १९९९

भाऊ,

मला आठवतं.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि टाकल्या टाकल्या हात आत घालून परत काढता येईल का, ते बघितलं. पोस्टातला माणूस विचारायला लागला, "टीचर, काय हरवलं?" चोराच्या मनात चांदणं, तसं झालं माझं. काही नाही म्हणाले आणि घरी आले. एप्रिलची सुट्टी सगळी विचार करण्यात गेली. नीट विचार होत नाही. एक धागा ओढावा तर दुसरीकडे गाठ बसते. म्हणून जसं येईल तसं लिहिते. इंग्रजीचा काही प्रश्न नाही आज.

ऑगस्ट ८७ मध्ये मक्याची कणगी पाडली. वाळवी लागली होती. बाबांनी स्वतः पाडली, एकट्याने. मी शाळेतून आले तेव्हा कणगीच्या जागी नुसती माती होती आणि बाबा तिच्याजवळ उभे होते. म्हणाले, "हातपाय धू." एवढंच. मी दाराआडून बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. त्या दिवशी नाही बोलले आणि मग बारा वर्षं नाही बोलले. मला वाटलं, त्यांना काही सापडलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही मूठ झाकून बसले.

कणगीच्या तळाशी शाळेचा रेडिओ होता. माझ्या निळ्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेला. माप घेऊन आईनेच शिवलेला फ्रॉक. तो कोणाचा आहे, हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

मी चोरला नव्हता रे. म्हणजे, नऊ वर्षांची होते, शुक्रवारी इंग्रजीचा रेडिओ-धडा झाल्यावर पिशवीत घातला. शनिवारी एकटीने ऐकणार होते आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन ठेवणार होते. बॉरो. इतकी वर्षं मी स्वतःला हाच शब्द सांगत आले. पण बॉरो करायला समोर लेंड करणारा लागतो, हे मी रोज पोरांना शिकवते आणि माझ्या बाबतीत विसरते. शनिवारी शाळेचा रखवालदार बोंबलत आला, रेडिओ गेला, रेडिओ गेला. मी घाबरले. रेडिओ आपण होऊन बोलेल असं मला वाटलं, म्हणून त्यातले सेल काढले. आणि ते सेल मी तुला दिले. "रस्त्यात सापडले," म्हणाले. तुला फळा काळा करायला सेलमधला कोळसा लागायचाच. सातवीत ते काम तुझं होतं. तू अंगणात दगडाने सेल फोडत होतास, कोपरापर्यंत काळा, आणि हेडमास्तर बाबांशी बोलत आत आले. सेलवर त्यांनी स्वतः लावलेला लाल ठिपका होता.

तू सेलकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. टाकत राहिले.

तुला तेव्हाच कळलं होतं ना? हे एकच विचारायचं आहे मला, आणि ते विचारायला तीन महिने मी बॉरो आणि लेंड करत बसले.

सोमवारी काय झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. तिसरीचा आणि सातवीचा वर्ग यांच्यामधली भिंत छातीएवढीच होती. बाबांचा आवाज, नेहमीसारखा शांत. "स्टील आणि रॉब. वस्तू चोरतात. माणसाला लुटतात. उदाहरण. सिकुकूने रेडिओ चोरला. सिकुकूने शाळेला लुटलं. सगळ्यांनी तीनदा म्हणा." सगळ्यांत मोठा आवाज तुझा होता. तू तोंड बंद ठेवून छडी खाऊ शकला असतास. तू मोठ्याने म्हणालास. आणि आमच्या वर्गातली पोरंही गंमत म्हणून म्हणायला लागली. भाऊ, मीही म्हणाले. तीनदा.

नोव्हेंबरात परीक्षा देऊन तू मावशीबरोबर गेलास, तोवर रस्त्यात बकऱ्यांमागची पोरं तेच गात होती. पुढे तू आलाच नाहीस. आणि बाबांना ऑगस्ट ८७ मध्ये सगळं कळलं, तरी त्यांनी तुला बोलावलं नाही. का, ते मला आता कळतंय असं वाटतं आणि लगेच वाटतं, नाही कळत. तुझं नाव पुसायचं तर त्या जागी माझं लिहावं लागलं असतं. मी तेव्हा तेरा वर्षांची मुलगी, याच शाळेत, याच गावात. त्यांनी मला ठेवलं आणि तुला सोडलं. की त्यांना आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करायची लाज वाटली? की दोन्ही? आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार. त्यांना विचारावं तर ते मीठ म्हणतात.

आईला अजून काही माहीत नाही. सांगू की नको, हे दिवसातून दहा वेळा ठरतं आणि मोडतं. शाळेत मला सगळे नेलिमा टीचर म्हणतात. फी नसली तर पोरांच्या आया मला येऊन सांगतात, हेडमास्तरांना नाही. हे सगळं जाईल याची मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू.

नेलिमा


११ जून १९९९

भाऊ,

आज बाबांना शाळेत नेलं. हे पत्र शाळेतून आल्या आल्या लिहिते आहे, ओट्यावर बसून. आई समोर शेंगा सोलते आहे आणि पत्र संपेपर्यंत हलणार नाही म्हणते.

वेपुखुलूने सायकलच्या मागे बसवून, दोरीने स्वतःच्या कमरेला बांधून नेलं त्यांना. वाटेत तो ओरडत होता, "बाजूला व्हा, म्वालिमू कामावर चाललेत!" बाया शेतातून हात हलवत होत्या. वर्गात बासष्ट पोरं उभी राहिली आणि "गुड मॉर्निंग, म्वालिमू" म्हणाली. बाबा काठीवर रेलून फळ्याकडे बघत राहिले. मी आजची जोडी लिहिली होती, 'ब्रिंग' आणि 'टेक'. त्यांनी कोपराने ती पुसून टाकली. पोरं हसली. मग मुठीतला खडू काढला आणि डाव्या हाताने लिहायला लागले. एकेक अक्षर वेडंवाकडं, पहिलीच्या पोरासारखं. किती वेळ लागला कोण जाणे, कोणी खोकलंसुद्धा नाही.

लिहिलं, "सिकुकू डिड नॉट".

आणि हात थांबला. इंग्रजीत 'नाही' आधी येतं आणि काय नाही ते नंतर. नंतरचा शब्द त्यांना सापडेना. ओठ हलत होते. "मीठ," म्हणाले. "कुदळ. मीठ." माझ्याकडे वळले. माझ्यावर रागावलेले नव्हते, भाऊ. विचारत होते. जन्मभर सगळ्यांना शब्द देणारा माणूस माझ्याकडे एक शब्द मागत होता आणि त्या खोलीत तो शब्द माझ्याशिवाय कोणाकडे नव्हता.

पोरांनी सुरू केलं. "टीचर, सिकुकू कोण?" "सिकुकू जेवला नाही!" "सिकुकूने गृहपाठ केला नाही!" हशा.

मला वाटलं, पटकन काहीतरी लिहावं. आला नाही, असं लिहावं. तेही खरंच आहे. खडू घेतला तेव्हापर्यंत मी तेच लिहिणार होते, शपथ. मग बाबांनी डाव्या हाताने माझी बाही धरली, तशीच, त्या दिवसासारखी.

मी बाबांचं वाक्य पुरं केलं. खाली आणखी दोन लिहिली.

सिकुकूने रेडिओ चोरला नाही.
नेलिमाने रेडिओ चोरला.
नेलिमाने आपल्या भावाला लुटलं.

पोरांना सांगितलं, वस्तू असेल तर 'स्टील', माणूस असेल तर 'रॉब'. रेडिओ चोरता येतो. भावाला चोरता येत नाही, लुटता येतं. त्याचं घर, त्याचं नाव, त्याची सोळा वर्षं. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. पहिल्या बाकावरची ती बॉरोवाली मुलगी म्हणाली, "टीचर, नेलिमा म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"पण हे उदाहरण आहे ना? खरं नाही ना?"

"खरं आहे."

मग मला दुसरं काही सुचलं नाही, तर मी बाबांचंच म्हणाले. "सगळ्यांनी तीनदा म्हणा."

पहिल्यांदा पोरं चाचरत म्हणाली. मी त्यांच्याबरोबर म्हणाले, न म्हणणाऱ्याला सूट नाही. दुसऱ्यांदा जोरात म्हणाली. तेव्हा मला आणखी एक आवाज ऐकू आला. जाड, खरखरीत, एक अक्षर इकडचं तिकडे न होणारा. बाबा म्हणत होते. एकटे असताना ज्यांना खडूला खडू म्हणता येत नाही, ते पोरांच्या आवाजात आवाज मिसळून सगळं म्हणत होते, स्पष्ट, म्वालिमू मुरुंगा शिकवायचे तसं. तिसऱ्यांदा मी गप्प झाले. मला ऐकायचं होतं. माझ्या नावापाशी त्यांचा आवाज अडला, तुझ्या नावापाशी नाही.

शाळा सुटल्यावर पोरं ते म्हणत रस्त्याने गेली. आम्ही पोचायच्या आधी ते घरी पोचलं होतं. आई फाटकात उभी होती, हातात खुरपं तसंच. तिने बाबांना सायकलवरून उतरवलं, पाणी दिलं आणि रेडिओ फ्रॉकमध्ये गुंडाळून कणगीत लपवल्याचं मी सांगितलं तेव्हा विचारलं, "कुठला फ्रॉक?"

मी म्हटलं, निळा.

"तो हरवला म्हणून मी तुला मारलं होतं," आई म्हणाली. "कमीच मारलं." मग ओट्यावर वही-पेन आणून ठेवलं. "लिही. माझ्यासमोर लिही. आणि त्याला सांग, मोम्बासा लांब आहे हे मला माहीत आहे, पण मला चालता येतं."

हेडमास्तरांनी उद्या सकाळी बोलावलं आहे. एका पालकाने त्यांच्याकडे आजच निरोप पाठवला, चोर बाई आमच्या पोरीला नको. ती पोरगी कोण, माहीत आहे मला. चांगली आहे. तिची आई म्हणते त्यात चुकीचं काही नाही. नोकरी राहील की जाईल, कळत नाही. भीती वाटते, आणि तरीही आज सकाळपेक्षा कमी वाटते, हे कसं काय ते विचारू नकोस.

माफ कर, असं मी लिहीत नाही. तो शब्द बरोबर की दुसरा कुठला, मला ठरवता येत नाही. आणि तू यावंस असं लिहायचा हक्क आईला आहे, मला नाही.

माझं एकच मागणं आहे. त्या दिवशी तू आमच्याबरोबर तीनदा म्हणाला होतास, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. हे पत्र वाचशील तेव्हा आजूबाजूला बंदरावरची माणसं असली तरी असू देत. पहिलं वाक्य एकदा तरी तुझ्या तोंडून, तसंच मोठ्याने म्हण.

सिकुकूने रेडिओ चोरला नाही.

तुझी बहीण,
नेलिमा